झोळी कशाला बांधायची

दुवीने आयुष्यभर टांगून झोपायच्या झोळ्या विणल्या. गावातली निम्मी पोरं तिच्या झोळीत जन्मली, निम्मी म्हातारी तिच्या झोळीत गेली, आणि मधल्या काळात सगळे तिच्याच झोळीत लोळत एकमेकांशी भांडले, असं मी म्हणते. त्यावर ती हसते आणि म्हणते, हर्मिला, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेल. हाड तिच्या बोटांत आहे, ते पुरेसं आहे आम्हा दोघींना.

आम्ही एकाच विहिरीवर पाणी भरत वाढलो. पुढे तिच्या नवऱ्याने, नातोने, माझ्या थोरल्याला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं. तेव्हापासून ती माझी कोमाद्रे आणि तो माझा कोम्पाद्रे झाला. या नात्यात रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हणायचं असतं. दुवीला मी चारचौघांत तसं म्हणते, एकट्या असलो की लहानपणचं 'तू' आपोआप तोंडात येतं. नातोला मात्र मी कायम 'तुम्ही' म्हणत आले, खडसावतानासुद्धा. इथे सांगताना 'तो' म्हणते आहे, तेवढं चालायचं.

नातो जंगलात चीक काढायचा. आमच्याकडे पाऊस लागला की गडी माणसं जंगलात शिरतात, चिकूच्या झाडांवर चढून कोयत्याने नागमोडी खाचा पाडतात, बुंध्याशी पिशवी लावून पांढरा चीक गोळा करतात आणि कढईत आटवून त्याच्या विटा पाडतात, त्या चघळायच्या गमसाठी विकल्या जातात. ओल असेपर्यंतच झाड चीक देतं, म्हणून जुलैत गेलेला माणूस फेब्रुवारीत परत येतो, दाढी वाढलेला आणि अंगाला धुराचा वास घेऊन. तोवर मका, डुकरं, पोरं आणि सासू, सगळं बाईच्या गळ्यात.

दर पावसाळ्याआधी दुवी नातोसाठी जंगलातली झोळी विणायची. घरची झोळी ऐसपैस असते, नवराबायको आणि वर एखादं पोर मावेल एवढी. जंगलातली अरुंद, जाड सुताची, एकट्या माणसाची. ती विणताना दुवी म्हणायची, सवतीकडचं अंथरूणसुद्धा मीच घालून देते बघ. सवत म्हणजे जंगल. कारण नातो घरी आला की पहिले कितीतरी दिवस तळमळत पडायचा आणि सकाळी कॉफी पिताना सगळ्यांदेखत म्हणायचा, तिकडे काय झोप लागते म्हणून सांगू. बायकोपुढे असं बोलू नये एवढी अक्कल पुरुषांना देव का देत नाही कोण जाणे. मक्याच्या गिरणीवरच्या बायका मग दुवीला चिडवायच्या की जंगलात नातोला झोपवणारी कुणीतरी आहे. ती पण हसायची. पण त्या दिवसांत तिचं विणकाम मी पाहिलं आहे, सूत नेहमीपेक्षा घट्ट ओढलेलं असायचं.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात नातो पडला. झाडावर चढताना चीक काढणाऱ्याच्या पायाला लोखंडी काटे असतात आणि कमरेमागून खोडाभोवती एक दोर असतो. त्या दोरावर मागे रेलून तो वर कोयता चालवतो. कोयता धारदार हवा, हात सवयीचा हवा, आणि नेमकी हीच दोन माणसाला मारतात. सवयीचा हात एकदा खोडाऐवजी स्वतःच्याच दोरावर बसतो. आमच्या आसपासच्या प्रत्येक गावात असा स्वतःचा दोर तोडून घेतलेला एकजण तरी आहे, कुणी लंगडतो, कुणाच्या नावाने मेणबत्ती लावतात. नातोचं खुब्याचं हाड मोडलं. त्याचा जोडीदार टेलेस, ज्याच्याबरोबर त्याने सगळे पावसाळे काढले, त्याने झोळी वाशाला अडकवली, नातोला तीत घातलं, आणखी एकाला वाशाचं दुसरं टोक धरायला लावलं आणि चिखलातून चालत त्याला गावात आणलं.

मग उन्हाळ्यात तो टेलेसच गेला. स्वतःच्या मक्याच्या शेतात, सावलीत बसून, मक्याचं आंबील पिता पिता. नातोला तेव्हा उठवत नव्हतं. त्याने पडल्या पडल्या चर्चची घंटा ऐकली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

हाड जुळलं. काठी धरून तो चालायला लागला. झोप मात्र गेली ती गेलीच. डोळा लागतोय न लागतोय तोच अंगाला झटका बसायचा, दोन्ही हात झोळीची कड पकडायचे, आणि तो उठून बसायचा. दिवसा कोंबड्यांमध्ये खुर्ची टाकून बसे, डोळे उघडे, पण समोरून माणूस गेलेलं कळत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्यांनी तोंड कोरडं पडलं एवढंच. खाणं तुटलं. पट्टा आवळायला भोकं उरली नाहीत तेव्हा त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं. एकदा दुवीला तो पहाटे विहिरीच्या काठाशी उभा दिसला. इथे कशाला आलास विचारलं तर त्याला सांगता येईना.

त्या दिवशी ती माझ्या चुलीशी येऊन बसली आणि म्हणाली, "हा असाच राहिला तर पुढचा पाऊस बघणार नाही."

दुवी रडणारी बाई नाही. त्या दिवशीही रडली नाही, पण माझ्या पाटीतली भाकरी उचलून तिचे तुकडे करत राहिली आणि एकही तोंडात घातला नाही.

आम्ही सगळ्यांनी एकच ठरवून टाकलं, की याला दोराची भीती बसली आहे. दोर तुटून पडलेला माणूस दोरावर टांगलेल्या झोळीत कसा झोपेल? मग झोळी कशाला बांधायची याचाच जो तो विचार करू लागला. आमच्याकडे खाट कुणी वापरत नाही. एकदा शाळेतून आणून दिली तर तिच्यावर तो मयतासारखा हात जुळवून पडला आणि दुवीने ती त्याच संध्याकाळी परत पाठवली.

पहिला शहाणपणा माझाच. मी दुकानातून नायलॉनचा दोर आणला, निळा, चकचकीत, बैल बांधला तरी तुटायचा नाही असा. अंगणातल्या संत्र्याच्या झाडापासून घराच्या खांबापर्यंत झोळी टांगली. नायलॉनची खोड अशी की तो वजनाने ताणत जातो. सकाळी बघते तर माझे कोम्पाद्रे जमिनीला टेकलेले आणि पोटावर कोंबडी. नातो म्हणाला, "कोमाद्रे, आता पडायची भीती राहिली नाही, पडूनच आहे." खूप दिवसांनी त्याने केलेली ती पहिली थट्टा. पण झोपला नव्हता.

मग दुवीचा भाचा अबुंदिओ आला. तो समुद्राकडच्या हॉटेलात कामाला आहे. तिथे कुणी गोरा पाहुणा जंगलात मुक्काम करायची आपली झोळी विसरून गेला, तिचे पट्टे याने आणले. चार बोटं रुंद, हिरवे, खोडाभोवती गुंडाळायचे, झाडाची साल सोलत नाहीत, ताणत नाहीत, गाठसुद्धा मारायला नको, पट्ट्यावर शिवलेल्या घरांपैकी हव्या त्या घरात कडी अडकवली की झालं. उंच हवं तर एक घर पुढे, खाली हवं तर एक घर मागे. अबुंदिओ ते असं दाखवत होता जणू त्यानेच विणले आहेत. मला खरं सांगायचं तर आवडले. नातो त्यांच्यावर दोन रात्री पडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला की दोर चांगला आहे, तक्रार काही नाही, पण त्यातून काही येत नाही.

"काय यायला हवंय?" अबुंदिओने विचारलं. नातोने खांदे उडवले. आम्हाला वाटलं झोपेवाचून माणूस भ्रमिष्ट झालाय, आणि आम्ही ते बोलणं तिथेच सोडून दिलं.

शेवटी दुवीने स्वतः घायपाताचा दोर वळला. पानं ठेचून काढलेला वाख मांडीवर वळताना तिच्या मांडीची साल गेली. जाडही इतका वळला की गाठ बसेना. त्या जाडीचा दोर मी फक्त गावच्या जत्रेत बैलांच्या रिंगणाला पाहिला आहे. झोळी तिने एवढी खाली बांधली की नातोला काठी टेकून नुसतं मागे बसलं की आत जाता यावं. डोक्याशी धरून उठायला वेगळी दोरी सोडली, कारण कुणी हात दिलेला त्याला खपत नाही. तो आत गेला, दोर करकरला, तो जरा वेळ कान देऊन पडला. आम्ही दोघी चुलीशी बसलो होतो. मग झटका बसला आणि तो उठला.

दुवीने तेव्हाच ठरवलं. म्हणाली, "जिथे याला झोप लागायची तिथेच याला घेऊन जाते."

"नवऱ्याला स्वतःच्या पायाने सवतीच्या दारात नेणार तू?"

"तिच्याकडे असेल झोप, तर मागून आणीन. मला कसली लाज?"

असं म्हटल्यावर मी तिला एकटीला जाऊ देणार होते थोडीच. अबुंदिओच्या गाडीतून आम्ही निघालो, जुन्या लाकूडवाटेने, जिथपर्यंत चाकं जातात तिथपर्यंत. तिथून नातो पुढे, काठी टेकत, आणि आम्ही दोघी डोक्यावर बोचकी घेऊन मागे. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो म्हणून अबुंदिओ परत गेला. त्याचे पट्टे त्याने माझ्या बोचक्यात कोंबले होते, नाही म्हणायला वेळच दिला नाही.

मी आयुष्य या जंगलाच्या काठावर काढलं, पण त्याच्या पोटात असा मुक्काम कधी केला नव्हता. आत गेल्यावर ऊन खालीच येत नाही, वरच्या वर पानांत विरतं, आणि खाली सगळं हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखं असतं. आपलाच आवाज आपल्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. पाय पाचोळ्यात पडतात आणि ऐकू येत नाहीत. दूर कुठेतरी माकडं घुमत होती, आणि थांबली की ती शांतता कानाला उबदार वाटत होती. मी मागे वळून दुवीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे एका झाडावरून दुसऱ्यावर असे फिरत होते की जणू पाहुणी म्हणून आलेली बाई यजमानिणीची भांडी मोजते आहे.

नातोमध्ये मात्र फरक पडला. त्याच्या नेहमीच्या तळावर पोचल्यावर, म्हणजे जुन्या चुलीचे तीन काळे दगड आणि कोसळलेलं पानांचं छप्पर, तो ओंडक्यावर बसला आणि काठीने हुकूम सोडू लागला. झोळीचं झाड निवडताना आधी वर बघायचं, वाळलेली फांदी असेल तर पुढचं झाड. मग बुंध्यावर मुठीने ठोकायचं, आवाज पोकळ आला तर पुढचं झाड. मग बुडाशी बघायचं, मुंग्यांची रांग असेल तर पुढचं झाड. मला एक सुरेख झाड सापडलं, सरळ, बेताचं जाड, माझ्या दोरासाठी जणू मापाने वाढवलेलं. मी दोर टाकणार एवढ्यात त्याने हाक मारली.

"कोमाद्रे, कातडीचा कंटाळा आला असेल तर खुशाल बांधा."

ते चेचेम होतं. त्याचा काळा चीक अंगाला लागला की फोड येतात आणि माणूस आठवडाभर आईला हाका मारतो. एवढं मला गावातल्या शेंबड्या पोराइतकं ठाऊक आहे, पण त्या हिरव्या उजेडात माझी अक्कलच गुंगली होती. मी मुकाट्याने दुसरं झाड शोधलं.

दुवीने नातोची झोळी बांधायला घेतली. झाड त्यानेच दाखवलं, एक जुना चिकू, अंगभर वर्षानुवर्षांच्या खाचा भरून येऊन उमटलेल्या नक्षीचा. घायपाताचा तो बैलांचा दोर तिने खोडाला घातला, झोळीचं दुसरं टोक समोरच्या झाडाला. मग पावसाचं पाणी दोरावरून झोळीत उतरू नये म्हणून दोराला दोन्हीकडे चिंधी बांधली, पाणी तिथून खाली ठिबकतं. मुंग्यांसाठी चिंधीला रॉकेल लावलं. सगळं रीतसर. नातो बघत होता.

मग ती थांबली. गाठीशेजारी खोडावर हात फिरवत राहिली. मी जवळ जाऊन पाहिलं. सालीवर एक पट्टा घासून घासून गुळगुळीत झाला होता, पोळपाटाच्या कडेसारखा. झोळी ज्या बाजूला ओढते त्या बाजूने साल झिजते, पलीकडची शाबूत राहते. हा पट्टा जवळजवळ सबंध खोडाभोवती फिरलेला होता.

"टेलेसची झोळी कुठल्या झाडाला असायची?" दुवीने विचारलं.

"याच झाडाला."

"मग त्याच्या दोराची खूण कुठंय?"

नातो काठीच्या टोकाने पाचोळा उकरत राहिला. मग म्हणाला, "दोर एकच होता."

त्याने ते तुटक तुटक सांगितलं, आणि सांगताना एकदाही वर बघितलं नाही. खोडाला एकाच दोराचा वेढा, एका टोकाला याची झोळी, दुसऱ्या टोकाला टेलेसची, झोळ्यांची पलीकडची टोकं दोन वेगळ्या झाडांना. एकाने कूस बदलली की दुसऱ्याचा दोर करकरतो. एक उठून बाहेर गेला की दुसरा बोटभर खाली जातो, तो परत आला की बोटभर वर येतो. अंधारात माणूस लघवीला जातो आणि वाट चुकतो, कुणाला साप डसतो, कुणाला अलूश, म्हणजे ती जंगलातली बुटकी भुतं, हाका मारून नेतात. दोराने सगळं कळतं. त्यांच्या तरुणपणी पहिल्याच पावसाळ्यात एक ओळखीचा पोरगा असा उठून गेला होता आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून या दोघांनी एकच दोर घेतला. दोर वापरून जुना झाला की बदलायचे, वेढा तोच.

मला त्याचं ते हिरव्या पट्ट्यांवरचं बोलणं आठवलं, त्यातून काही येत नाही. आम्ही सगळे दोराची जाडी बघत बसलो होतो. नातोला दोर तुटायची भीती नव्हती. डोळा लागताना तो दुसऱ्या टोकाची वाट बघायचा, तिथे काहीच हलायचं नाही, आणि त्याचं अंग ओरडून उठायचं की टेलेस गेला, टेलेस गेला.

"आणि हे घरी सांगायला काय झालं होतं?" दुवीचा आवाज चढला.

"काय सांगू? या वयाचा गडी, मला कुणी सोबत लागते म्हणून?"

"गाढवा," ती म्हणाली. असं ती त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी म्हणायची, मी ऐकलं आहे. मग तिने बांधलेल्या गाठी सोडल्या. दोरांचे सगळे तुकडे पाचोळ्यावर पसरून तिने मापलं, एकही वेढ्याला पुरेना. शेवटी बघते तर ती माझ्याच झोळीचा दोर सोडायला लागलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुझ्याकडे आहेत की ते साहेबी पट्टे." तर अशी मी साहेबी पट्ट्यांवर गेले, आणि झोळी बांधायला मला सगळ्यांत कमी वेळ लागला, हे मी अबुंदिओला अजून सांगितलेलं नाही.

दोन दोर वळून एक केले. खोडाला वेढा. एका टोकाला नातोची अरुंद झोळी. दुसऱ्या टोकाला दुवीने आपली बांधली, घरून आणलेली ऐसपैस, तिच्या एकटीला फारच मोठी. चुलीत तिने वाळवीच्या वारुळाचं ढेकूळ टाकलं. त्याच्या धुराने डास पळतात आणि डोळे जड होतात. दुपार कलली होती. वरून पाऊस यायचा वास येत होता, पण खाली अजून पान हललं नव्हतं.

नातो काठी टेकून मागे बसला, पाय आत घेतले, पाठ टेकली. तिरपा झाला, आमची माणसं झोळीत तिरपीच झोपतात, म्हणजे पाठ सरळ राहते. डोळे वर पानांत होते. मग दुवी तिच्या झोळीत चढली. दोर खोडाभोवती एकदा करकरला आणि मी स्वतः पाहिलं, नातो बोटभर वर आला.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले."

एवढंच बोलणं झालं. पाऊस आला तो वरच्या पानांवरच वाजत राहिला, आमच्यापर्यंत नुसता त्याचा गारवा उतरला. धूर जमिनीलगत फिरत होता, झोळ्यांच्या खालून जायचा आणि परत यायचा. मी भाकरी भाजल्या, घेवडा गरम केला, नातोला हाक मारायला गेले तर त्याचं तोंड उघडं होतं. मी तशीच उभी राहिले. हात कडेवर नव्हते, पोटावर होते, एक हात तर झोळीबाहेर लोंबत होता. मी दुवीकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि तिचे डोळे भरून वाहत होते. मग मीही चुलीशी जाऊन मनसोक्त रडून घेतलं. घेवडा करपला.

तो ती दुपार झोपला, संध्याकाळ झोपला आणि रात्रभर झोपला. मी माझ्या साहेबी झोळीत कधी झोपले ते मला कळलं नाही. आठवतं ते इतकंच की त्या झोपेत मी पाण्यावर होते आणि कुठूनतरी दोराची करकर येत होती, थांबायची, पुन्हा यायची.

उजाडताना मला त्यांच्या बोलण्याने जाग आली. धुकं खोडांमध्ये अडकून राहिलं होतं, त्यात त्या दोन झोळ्या जेमतेम दिसत होत्या. मी डोळे मिटून पडून राहिले. चोरून ऐकणं वाईट, पण न ऐकणं मला जमत नाही.

नातो म्हणत होता की त्याला टेलेस दिसला. टेलेस पलीकडच्या झोळीत होता आणि काही केल्या स्वस्थ पडेना. नातो त्याला म्हणत होता की अरे झोप आता, सकाळी झाडं आहेत.

"मग पहाटे कळलं, टेलेस नव्हे," नातो म्हणाला. "टेलेस एवढी कूस कधीच बदलत नसे. तू रात्रभर तळमळत होतीस."

दुवीकडून दोराची करकर आली.

"नवी जागा म्हणून?"

"नाही."

"मग तू रोज अशीच झोपतेस? घरी मला कधी कळलं नाही."

"तू घरी असलास की नाही झोपत अशी." ती जरा थांबली. "तू जंगलात असलास की अशीच. जुलै ते फेब्रुवारी."

नातोने किती पावसाळे काढले त्याचा हिशेब त्याचा त्यालाच करायचा होता. मी इकडे पट्ट्यांवर पडून माझ्या या मैत्रिणीला पहिल्यांदाच बघत होते. गिरणीवर तिच्याबरोबर हसणाऱ्यांत मीही होतेच की.

"सांगितलं का नाहीस?" नातोने विचारलं.

"कुणाला सांगू? तू इथे होतास."

तो म्हणाला की आता झोप. ती म्हणाली की उजाडलं, चूल पेटवायला हवी, हर्मिलाच्या हातचा घेवडा काल करपलाय. तो पुन्हा म्हणाला, झोप, मी जागा आहे.

आणि ती झोपली. मी उठले तेव्हा दुवी त्या मोठ्या झोळीत बुडाली होती, कडा तिच्यावर दोन्हीकडून मिटल्या होत्या, नुसती वेणी बाहेर. सूर्य वर आला, पानांतून उन्हाचे कवडसे तिच्या झोळीवर आले आणि पुढे सरकले, पक्ष्यांनी वर कालवा मांडला, तरी तिचा श्वास तसाच. तिला अशी झोपलेली मी लहानपणापासून कधी पाहिली नव्हती.

उन्हं चढल्यावर वाटेवरून अबुंदिओ आला, लांबूनच शीळ घालत. नातोने झोळीतूनच हात वर केला आणि तो जागच्या जागी थांबला.

"मावशी झोपली आहे," नातो हळू आवाजात म्हणाला. "उद्या ये."

अबुंदिओने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तो बिचारा आला तसा परत गेला. मी कॉफी ओतून नातोला नेऊन दिली. ती त्याने घेतली, दोन घोट प्यायला आणि कप माझ्या हातात परत दिला. मग काठीसाठी हात लांबवला नाही, दात आवळले, आणि मोडक्या खुब्यावर भार घेऊन सावकाश कूस बदलली. खोडाभोवती दोर करकरला. तो पडून राहिला, पलीकडच्या झोळीतल्या श्वासाचा कानोसा घेतला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तशीच दुसरी कूस घेतली. दुपारपर्यंत तो तेच करत होता.